काळ्या फोनचे शब्द: स्मरणरंजनाविरुद्ध एक धागा

१/
तबकडीचा काळा फोन आणि त्याखाली एक वाक्य: फोन तारेने बांधलेला होता तेव्हा माणसे मोकळी होती, अशा अर्थाचे. हे चित्र या महिन्यात मला चार निरनिराळ्या गटांवर आले. पाठवणाऱ्यांपैकी दोघे माझ्याच इतिहासाच्या वर्गातले. चित्र खरे आहे, वाक्य खोटे आहे. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते न तपासता पुढे ढकलावे याचा मला राग आला आहे. म्हणून हा धागा. लांब आहे, सवडीने वाचा.

२/
मी भिवंडीची. आमच्या गावात 'धागा' म्हटले की आधी सूत आठवते. माझे म्हणणे आरंभीच मांडते. तबकडीच्या फोनभोवती आपल्या भाषेत जे शब्द रुजले, ते टंचाईचे दस्तऐवज आहेत. काही जण त्यांचे स्मरणरंजन करतात. काही जण 'हे तर इंग्रजी' म्हणून त्यांना दाराबाहेर ठेवतात. दोन्ही पक्ष दस्तऐवज न वाचताच टाकून देत आहेत. माझे भांडण दोघांशीही आहे.

३/
प्रथम यंत्र समजून घेऊ, कारण ज्यांनी ते केवळ एखाद्या कॅफेच्या फळीवर पाहिले त्यांना ते चालते कसे हे ठाऊक नसते. तबकडीला दहा भोके: १ पासून ९ पर्यंत आणि शेवटी ०. हव्या त्या अंकाच्या भोकात बोट घालायचे, धातूच्या अटकेपर्यंत तबकडी फिरवायची आणि सोडून द्यायची. आतली स्प्रिंग तिला मागे खेचते आणि एक नियामक तिला सारख्या वेगाने परत आणतो. तो सुप्रसिद्ध 'खर्रर्र' आवाज परतीचा.

४/
खरे कामही परतीच्या वाटेवरच होते. तबकडी मागे येत असताना तारेतला प्रवाह क्षणभर तुटतो: १ साठी एकदा, ५ साठी पाचदा, ० साठी दहादा. वेग साधारणतः सेकंदाला दहा खंड. केंद्रातील यंत्र हे खंड मोजते आणि त्याप्रमाणे जोडणी करते. भिवंडीचा एसटीडी कोड ०२५२२. तो तबकडीवर फिरवला की तार एकवीस वेळा तुटे.

५/
आता त्या चित्रात कधीच न दिसणारी वस्तू: कुलूप. तबकडीच्या एका भोकात बसणारे छोटे कुलूप बाजारात मिळत असे. ते लावले की आलेला फोन घेता येई, पण लावता येत नसे. किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, यावरून त्या घरातली अथवा पेढीवरची सत्ता कोणाची ते कळे. नोकर, सुना, भाडेकरू, शेजारी यांच्यासाठी ते कुलूप होते. माणसे मोकळी होती म्हणता? कोणती माणसे?

६/
कुलपावर उतारा होता. रिसीव्हर ठेवण्याच्या जागी जी कळ असते, ती झटपट चार वेळा दाबली की केंद्राला चार खंड मिळत आणि '४' लागे. मोजणारे यंत्र तबकडी पाहत नाही, तुटलेला प्रवाह मोजते. आमच्या आळीत अशा टिचक्या मारून पूर्ण क्रमांक लावणारी पोरे होती, असे वडील सांगतात. विज्ञानाच्या पुस्तकात न शिकवलेले हे विज्ञान. ते जन्माला आले कुलपामुळे.

७/
तबकडीचा जन्मही अविश्वासातूनच झाला. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा अल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक. आपली गिऱ्हाइके टेलिफोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, अशी कथा सांगितली जाते. कथेचे तपशील सोडून देऊ. पण ऑपरेटरवाचून चालणाऱ्या केंद्राचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले, हे नक्की. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे पहिले केंद्र सुरू झाले. बोटाने फिरवायची चकती त्यानंतर काही वर्षांनी आली.

८/
हिंदुस्थानात २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्याचे टेलिफोन केंद्र उघडले. मुंबईचेही त्याच वर्षी. कलकत्त्यात आरंभीचे ग्राहक ९३. पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्याला, म्हणजे सरकारच्या उन्हाळी राजधानीत, ७०० जोडण्यांचे. मुंबईची खाजगी कंपनी १९४३ साली सरकारने ताब्यात घेतली. १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि काळे फोन देशात बनू लागले.

९/
स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात सुमारे ८० हजार फोन होते. १९९१ सालीही, ८४ कोटींहून अधिक लोकसंख्येला सुमारे ५० लाख जोडण्या. शंभर माणसांमागे एक फोनही नव्हता. हा आकडा लक्षात ठेवा. ज्याला आपण 'आपल्या सर्वांचे बालपण' म्हणतो, ते फार थोड्यांचे बालपण होते. बाकीच्यांच्या बालपणात फोन होता तो दुसऱ्याच्या घरात.

१०/
आता भिवंडी. मुंबई चाळीस किलोमीटरच्या आत. पण टेलिफोनच्या नकाशात अंतर निराळे मोजले जाई. मुंबईचे केंद्र वेगळे, भिवंडीचे वेगळे. म्हणून मुंबईशी बोलायचे तर ट्रंक कॉल. १९८६ साली महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, तेव्हाही भिवंडी त्याच्या हद्दीबाहेरच राहिली. मुंबईसाठी कापड विणणारे गाव टेलिफोनच्या लेखी परगावच होते.

११/
आणि या गावाला फोनची गरज हौसेची नव्हती. यंत्रमागाचा सारा धंदा सुताच्या भावावर. सूत बाहेरून येणार, विणलेले ग्रे कापड काळबादेवीकडे, मुळजी जेठा मार्केटकडे जाणार. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. ज्या दलालाला भाव तासभर आधी कळे, त्याचा तो दिवस सोन्याचा. ज्याला उशिरा कळे, त्याच्या गळ्यात महागाचे सूत. फोन म्हणजे भांडवल होते, आणि तेही ज्याच्याकडे आधीच भांडवल आहे त्यालाच मिळणारे.

१२/
ट्रंक कॉल लावायचा म्हणजे १८० फिरवून बुक करायचा आणि वाट पाहायची. प्रकार तीन: ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट आकार, लाइटनिंगला त्याहूनही कितीतरी पट. हे तीन शब्द भिवंडीच्या पेढ्यांवर इतके रुळले की फोन सोडून इतरत्रही वापरले जात. आमच्या घरी कोणी सावकाश जेवत असेल तर 'याचं ऑर्डिनरीमध्ये चाललंय' असे आजोबा म्हणत. पैसे मोजून पुढे जाण्याची सोय असलेली रांग, हा या तीन शब्दांचा सरळ अर्थ.

१३/
माझे आजोबा सुताच्या एका पेढीवर दिवाणजी होते. ते सांगत: सकाळी ऑर्डिनरी कॉल बुक करावा, एसटीने ठाणे गाठावे, तेथून लोकलने मुंबईला जावे, काळबादेवीत भाव विचारावा, चहा घ्यावा आणि दुपारी परत यावे. पेढीवर शेठ अजून कॉलची वाट पाहत बसलेलेच असत. यात अतिशयोक्ती असेलही. परंतु सारे गाव ज्या अतिशयोक्तीवर हसते, तिच्यात सर्वांचा अनुभव असतो. इतिहासकाराने ती टाकून देऊ नये.

१४/
कॉल जोडला गेला की तीन मिनिटांचे माप. मध्येच ऑपरेटरचा आवाज: तीन मिनिटे झाली, वाढवू का? म्हणून माणसे बोलण्याआधी कागदावर मुद्दे लिहून ठेवत. आवाज क्षीण येई, म्हणून ओरडत. आजही आमच्या आत्या मोबाइलवर ओरडतात आणि घरातले हसतात. तो आवाज चाळीस वर्षांपूर्वीच्या तारेला पुरावा म्हणून भरलेला आहे, हे हसणाऱ्यांना कळत नाही.

१५/
आता भाषेकडे वळू. या शब्दव्यवहारातील नामे पाहा: फोन, नंबर, लाइन, डायल, रिंग, एंगेज, डेड, राँग नंबर, क्रॉस कनेक्शन. सारी परकी. आता क्रियापदे पाहा: फोन लावणे, लागणे, फिरवणे, उचलणे, ठेवणे, आपटणे, जोडून देणे. सारी आपली. नामे यंत्राबरोबर आली. त्या यंत्राशी कसे वागायचे आणि त्याने आपल्याशी कसे वागायचे, हे मात्र आपल्या क्रियापदांनी ठरवले.

१६/
'लावणे' आणि 'लागणे' या जोडीकडे विशेष लक्ष द्या. फोन लावतो तो माणूस. लागतो तो फोन. आणि मराठीत आणखी काय काय लागते? नोकरी लागते. नंबर लागतो. निकाल लागतो. लॉटरी लागते. जे आपल्या प्रयत्नाने संपूर्णपणे हाती येत नाही, ज्यात दुसऱ्याची मर्जी अथवा दैव मध्ये असते, त्याला आपण 'लागणे' म्हणतो. तासभर लावूनही न लागणाऱ्या फोनला याहून नेमके क्रियापद कोणत्या समितीने दिले असते?

१७/
इथे शुद्धतावादी मित्र येतात. त्यांचे म्हणणे: 'दूरध्वनी' हा सुंदर शब्द असताना फोन का? सावरकरांच्या नावाने फिरणाऱ्या शब्दयाद्यांत तो हमखास असतो. माझा 'दूरध्वनी'वर राग नाही. शब्द सुबोध आहे, शासनव्यवहारात टिकला आहे, आणि परिभाषा घडवणे हे खरोखरच कष्टाचे काम आहे. राज्य स्थापन होताच १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. तरी त्यातील कित्येक पदनामे आज आपण सहज वापरतो.

१८/
आक्षेप वेगळा आहे. परिभाषेने वस्तूंना नावे दिली: दूरध्वनी, दूरध्वनी केंद्र, पुढे भ्रमणध्वनी. लोकांनी अनुभवांना नावे दिली. बुक केलेल्या कॉलची वाट पाहणे, लाइन मिळणे, मध्येच दुसऱ्याच कोणाचे संभाषण ऐकू येणे, आठवडाभर फोन मेलेला असणे, लाइनमनला दिवाळीची पोस्त देणे, यासाठी कोशाने काहीच दिले नाही. लोकांना शब्द हवे होते. हाताशी होते ते त्यांनी घेतले. मग त्याच लोकांना भाषा बिघडवल्याचा दोष का द्यायचा?

१९/
जो 'ट्रंक कॉल' हा शब्द 'मराठी नाही' म्हणून वगळतो, तो १९५० ते १९९० या काळातील मराठी माणसाचा परगावच्या आप्तांशी असलेला संबंध वगळतो. सोलापूरच्या बहिणीला मुलगा झाल्याचे ज्या शब्दाने कळले, तो शब्द परका कसा? फारसीतून आलेले 'खबर', 'बातमीदार', 'हजर' आपण घरचे मानतो, कारण त्यांना वेळ मिळाला. 'ट्रंक कॉल'ला तेवढा वेळ मिळाला नाही, एवढाच फरक. आणि त्याआधीच त्याला माळ्यावर टाकायचे?

२०/
दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲपचे व्युत्पत्तिकार. तुम्हांलाही आले असेल: ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचे नाव मार्गारेट हॅलो, म्हणून आपण 'हॅलो' म्हणतो. हे बनावट आहे. बेलने १८७७ साली लग्न केले ते मेबल हबर्डशी. फोन उचलल्यावर 'अहॉय' म्हणावे असे बेलचे मत होते. 'हॅलो'चा पुरस्कार एडिसनने केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांना 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचे आवाहन केले, तेव्हा दोन्ही बाजूंनी हीच प्रेयसी पुन्हा फिरवली गेली. शब्दावर वाद जरूर घाला. पण निदान खऱ्या शब्दावर घाला.

२१/
आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शब्द: पी.पी. ट्रंक कॉलमध्ये 'पर्टिक्युलर पर्सन' असा एक प्रकार असे. नाव सांगितलेली व्यक्तीच बोलायला आली पाहिजे, त्यासाठी जादा आकार. हीच दोन अक्षरे व्हिजिटिंग कार्डावर आणि लग्नपत्रिकेवर निराळ्या कामाला लागली: क्रमांक दिला आहे, पण फोन माझा नाही, शेजाऱ्यांचा आहे. कंसातल्या दोन अक्षरांत ही कबुली मावत असे. लोक त्यांची नाना फोड करत. ती फोड खरी की खोटी यापेक्षा, ती करावीशी वाटत होती हे मला मोलाचे वाटते.

२२/
आजोबांच्या कार्डावर पी.पी. क्रमांक होता तो समोरच्या आळीतील एका मोमीन कुटुंबाचा. फोन आला की त्यांचा मुलगा गल्लीतून हाक मारी. आजी हात पुसत धावे. त्यांच्या बैठकीत, त्यांच्या माणसांसमोर, तीन मिनिटांत माहेरची खुशाली विचारायची. रडू आले तरी तिथेच. 'शेजारधर्म किती होता' म्हणून डोळे भरून आणणाऱ्यांनी आजीला विचारायला हवे होते. ती म्हणे, उपकार रोज फेडता येत नाहीत, म्हणून मी माहेरी सांगितलं होतं, कुणी गेल्याशिवाय फोन करू नका.

२३/
मग मे १९८४. भिवंडीची दंगल तुम्ही वाचली असेल. त्याआधी १९७० साली झाली तीही. संचारबंदीत पुण्याहून मामांचा फोन त्या घरी लागला. तो मुलगा गल्लीतून येऊ शकला नाही. मागच्या भिंतीवरून त्याने निरोप दिला आणि परत जाऊन 'सगळे सुखरूप' असे मामांना सांगितले. पुढच्या वर्षभरात ते कुटुंब घर सोडून गावाच्या दुसऱ्या भागात गेले. आम्हीही नंतर कल्याण नाक्याकडे आलो. भांडण कोणाचेच झाले नव्हते.

२४/
आजोबांची उरलेली कार्डे माझ्याकडे आहेत. प्रत्येकावर तो पी.पी. क्रमांक निळ्या शाईने, पट्टी धरून, सरळ रेघेने खोडलेला आहे. नवे कार्ड छापायचे नव्हते, खर्च होता. त्या रेघेविषयी ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारले तेव्हा उशीर झाला होता. भिवंडीत वस्त्या वेगळ्या कशा होत गेल्या, यावर मी पुष्कळ वाचले आहे. त्या रेघेइतके स्पष्ट मला कशानेही सांगितलेले नाही.

२५/
या विषयावर प्रबंधिका लिहावी असे मी सुचवले, तेव्हा एका ज्येष्ठ अभ्यासकांनी विचारले: याचे अभिलेख कुठे आहेत? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर: जुन्या डिरेक्टऱ्या, बिले, खोडलेली कार्डे, तबकडीची कुलपे आणि शब्द. शब्द हा साक्षीदार आहे. म्हणून त्याची उलटतपासणीही केली पाहिजे. आजोबांची काळबादेवीची गोष्ट मी पुरावा म्हणून देईन, पण वेळापत्रक म्हणून देणार नाही. एवढा विवेक ठेवला तर शब्दांना साक्षीला बोलवायला हरकत कोणती?

२६/
टंचाईने आणखी एक परिभाषा घडवली: ओवायटी. 'ओन युअर टेलिफोन', म्हणजे मोठी अनामत भरून वेगळ्या यादीत नाव नोंदवणे. सामान्य यादीत नाव असलेल्याने वर्षानुवर्षे थांबायचे. खासदाराची शिफारस, 'स्पेशल' वर्ग, सल्लागार समितीवर ओळख, हे सारे शब्द तेव्हा मध्यमवर्गीय घरांत पोरांनाही ठाऊक होते. आमचे नाव नोंदवले तेव्हा वडील शाळेत होते. फोन आला तेव्हा ते नोकरीला लागले होते. फोन आला त्या दिवशी त्याला हार घातला आणि पेढे वाटले. त्या पेढ्यांत मोकळेपणा शोधू नका.

२७/
आणि मागावरचा कामगार? या कथेत तो आतापर्यंत आलाच नाही, कारण फोनच्या कथेत त्याला जागाच नव्हती. आझमगढ, मऊहून आलेला विणकर किंवा तेलंगणातून पद्मानगरात आलेला पद्मशाली, यांच्या गावी फोनच नव्हता. मग लावणार कोणाला? त्यांचे शब्द होते खत, मनीऑर्डर आणि तार. तार म्हणजे बहुधा कोणीतरी गेले. ज्या काळात 'माणसे मोकळी' होती, त्या काळात हा माणूस बापाच्या अंत्यविधीनंतर आठवड्याने गावी पोहोचत असे.

२८/
त्याच्या आयुष्यात फोन आला तो तबकडी जाता जाता, पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओच्या रूपाने. ग्राहकाने थेट परगावी फोन लावण्याची सोय देशात प्रथम १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर झाली. सी-डॉट १९८४ मध्ये स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकात बूथ गल्लोगल्ली पोहोचले. रात्री अकरानंतर दर पाव होत असे. दिवसपाळी सुटलेले कामगार तेव्हा बूथबाहेर रांगेत उभे राहत आणि काचेतून मीटरच्या लाल आकड्यांकडे पाहत बोलत. 'पाव दर' हा त्यांचा शब्द. कोणत्याही स्मरणरंजनात मला तो आढळलेला नाही.

२९/
आता कोणी म्हणेल, एवढा संताप कशाला? एक निरुपद्रवी चित्र तर आहे. निरुपद्रवी नाही. जो काळ सुखाचा होता असे ठरवले, त्या काळाची चौकशी थांबते. कुलूप दिसत नाही, यादी दिसत नाही, शेजाऱ्याच्या बैठकीत रडणारी सून दिसत नाही. आणि मग आजच्या टंचाईचीही आपण चौकशी करत नाही. तीही तीस वर्षांनी कोणाला तरी गोड वाटेल, या भरवशावर. मोबाइलने आपला वेळ खाल्ला ही तक्रार खरी असू शकते. तिच्यावर भांडा. त्यासाठी आजीच्या काळाला खोटी साक्ष द्यायला लावू नका.

३०/
आमच्या भिवंडीत आता मागांच्या जोडीने गोदामे आहेत. माझा एक वर्गमित्र त्यांपैकी एकात माल तपासतो. त्याने दाखवले: 'विंटेज' फोनची खोकी. काळा, सोनेरी कडेचा, गोल चकतीचा. चकती फिरत नाही. भोकांत बटणे बसवली आहेत. विकत घेणाऱ्याला चकती हवी आहे, परतीचा तो वेळ नको आहे. घ्या बापडे. शोभेला काहीही ठेवावे. फक्त त्याला आठवण म्हणू नका.

३१/
शब्द मात्र अजून पुरते गेलेले नाहीत. पोलिसांचा क्रमांक आजही 'डायल ११२' आहे. फिरवायला काही नसताना आपण फोन 'फिरवतो'. ठेवायला काही नसताना 'बरं, ठेवते' म्हणतो. ही क्रियापदे अजून बोलणाऱ्यांच्या तोंडी आहेत. ज्यांनी ती हातांनी केली, ते ऑपरेटर, लाइनमन, दिवाणजी, पी.पी.वर धावणाऱ्या बायका, सत्तरीच्या पुढे गेले आहेत. माझ्या आजोबांना विचारायला मला उशीर झाला. तुम्हांला कदाचित झालेला नसेल.

३२/
म्हणून एक विनंती. या दिवाळीत घरी जाल तेव्हा पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पहिला फोन कोणाच्या घरी पाहिला? तुमचा निरोप कोण आणून देई? कुलपाची किल्ली कोणाकडे असे? नाव नोंदवल्यापासून फोन येईपर्यंत किती वर्षे गेली? आणि कोणती बातमी फोन न लागल्यामुळे उशिरा कळली? शेवटचा प्रश्न जपून विचारा.

३३/
शब्द मिळाले तर खाली लिहा: शब्द, गाव, साधारण साल, बोलणाऱ्याचा व्यवसाय. नाव नको. इंग्रजी वाटला म्हणून वगळू नका आणि गोड वाटला म्हणून रंगवू नका. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर इथल्या मागवाल्या गावांतून काय येते याची मी विशेष वाट पाहीन. ही वाट कितीही लांबली तरी ऑर्डिनरी कॉलएवढी नक्कीच नसेल.

बरं, ठेवते.